अमडापूरची भिंत

भाऊला काचबिंदू आहे असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी डॉक्टरांशीच भांडले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची, तेवढंच आपल्या हातात आहे, असं ते अगदी शांतपणे सांगत होते आणि मला त्या शांतपणाचाच राग आला. "मंग तुम्ही कशाले बसले इथं?" असं मी बोलून गेले. भाऊ त्यांच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसला होता. तो तसाच बसून म्हणाला, "बाई, उगी राह्य. त्यायनं थोडेच खाल्ले माहे डोळे."

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने जन्मभर भिंती रंगवल्या. घराच्या नाहीत, कारखान्यांच्या. आमच्या जिल्ह्यात कापसाची सरकी काढणारी जिनिंग, तेल गिरण्या, डाळमिल यांच्या ज्या लांबच लांब भिंती रस्त्याला तोंड करून उभ्या असतात, त्यांच्यावर मोठाली चित्रं काढायचं काम तो करायचा. वहिनी गेल्यापासून तो चिखलीला माझ्याकडेच राहतो. मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचे वर्ग घेते. मुली मशीन चालवतात आणि भाऊ दारात खुर्ची टाकून बसतो. मुलींनी कापड चुकीचं कापलं की मी ओरडते, आणि भाऊ मध्ये पडून मला गप्प करतो. आमचं घर असंच चालत आलं आहे.

काचबिंदूने त्याची नजर कडेकडेने खात आणली होती. आता त्याला फक्त मधलं दिसतं, नळीतून पाहावं तसं, पण तेवढं अगदी स्वच्छ. माझ्यासमोर उभा राहिला तर त्याला माझं नाक दिसतं किंवा कुंकू दिसतं, सगळी मी दिसत नाही. सुईत दोरा तो माझ्या आधी ओवतो आणि चालताना मात्र दारातल्या बादलीला अडखळतो. मोठी वस्तू त्याच्या हातून गेली आणि लहान वस्तू राहिली. ज्या माणसाने आयुष्यात दोन मजल्यांपेक्षा लहान काही काढलं नाही, त्याच्या वाट्याला हे यावं, याचा मला आजही संताप येतो.

एकदा वर्गातल्या एका मुलीने तिच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मोबाईलवर आणले होते. भाऊने सहज तो मोबाईल हातभर लांब धरला आणि एकदम म्हणाला, "बाई, ह्याच्यात तं सगळा मांडव दिसते!" मग बोटांनी फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहत राहिला. कोण रुसलं आहे, कोणाचं लक्ष जेवणाकडे आहे, हे तो मुलींना सांगत होता आणि मुली हसत होत्या. त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "माह्या भिंती अशा आणता येतीन का तुले?"

त्याच्याकडे त्याच्या कामाचा एकही फोटो नव्हता. कधी काढलाच नाही. भिंत रस्त्यावर उभी असताना फोटो कशाला, असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. शिवाय जिनिंगवाल्यांची रीत अशी की काही वर्षांनी एकदा दसऱ्याच्या आत सगळ्या आवाराला चुना लागतो. नव्या कापसाच्या आधी भिंत कोरी दिसली पाहिजे. त्यामुळे भाऊची चित्रं दोन-चार वर्षं टिकायची, मग मालक पुन्हा बोलवायचा आणि भाऊ पुन्हा परांचीवर चढायचा. आता तो चढत नव्हता. म्हणजे या दसऱ्याला जे पुसलं जाईल, ते गेलंच. डॉक्टरांनीही नजरेची खात्री दिली नव्हती. वर्ष जाईल, दोन जातील, सांगता येत नाही, एवढंच ते बोलले होते. त्याआधी भाऊला त्याच्या भिंती दाखवायच्या, एवढं एकच काम मी डोक्यात घेतलं.

बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झाल्यापासून मला फिरायला कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्यांदा गेले ती रोहिणखेडच्या बाजूच्या जिनिंगवर. तिथल्या भिंतीवर भाऊने फक्त दोन हात काढले होते, बाईचे, कोपरापर्यंत बांगड्या भरलेले, आणि ओंजळीत फुटलेलं एक बोंड. एकेक बोट माझ्याएवढं. पण फोटो काढायला गेले तर भिंतीसमोर सरकीचे ट्रक उभे. एका ड्रायव्हरला म्हटलं, गाडी जरा मागे घे. तो म्हणे, "काऊन? भिंत खराब दिसून राह्यली का?" मी त्याला असं काही सुनावलं की त्याने गाडी तर मागे घेतलीच, वर खाली उतरून बाजूचा ट्रकही हलवायला लावला.

तरी भिंत मावेना. जवळून अंगठा यायचा, तर बोंड सुटायचं. तुकड्या-तुकड्याने काढून उपयोग नव्हता, भाऊला सगळी एका वेळी हवी होती. शेवटी रस्त्यापलीकडच्या वावरात गेले. तिथे एक म्हातारे चाचा सोयाबीनला पाहत बसले होते. त्यांनी मला त्यांच्या बंडीवर चढू दिलं, चाकाला दगड लावला आणि खालून विचारलं, "भिंतीचा फोटो कायले पाह्यजे बेटा? भिंत कोठी चालली?" मी म्हटलं, "चाचा, दसऱ्याले चुना मारतीन." ते हसले. म्हणाले, "मंग काढ, काढ. लवकर काढ." मागच्या हंगामाचा उरलेला कापूस असेल, मशिनीचा धडधडाट चालू होता आणि हवेत कापसाचा बारीक भुरका उडत होता. तो फोटोतही आला आहे. भाऊने घरी तो फोटो पाहिला आणि पहिलं बोलला ते हे, की "भुरका आला. म्हंजे जिनिंग चालू आहे."

मेहकरच्या रस्त्यावरच्या तेल गिरणीला मी उशिरा पोचले. तिथल्या भिंतीवर भाऊने बैलजोडी काढली होती. मी गेटवर पोचले तेव्हा दोन माणसं दोरांवर लटकून चुना मारत होती आणि पुढचा बैल मानेपर्यंत गेला होता. मी खालून एवढ्या जोराने ओरडले की वरच्या माणसाच्या हातचा ब्रश सुटला. त्यांना वाटलं, गिरणीत काही झालं. मी सांगितल्यावर त्यांनी काम थांबवलं, खाली उतरून बिड्या पेटवल्या आणि मला म्हणाले, काढा आरामात. मी अर्ध्या चित्राचा फोटो काढला. घरी येताना सगळा रस्ता माझ्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊने तो फोटो पाहिला, आणि मी रडायला लागू नये म्हणून असेल, म्हणाला, "मागचा बैलच चांगला जमला होता. तोच राह्यला पाह्य."

आणखी दोन ठिकाणी गेले. एका भिंतीवर पत्रे ठोकले होते आणि दुसरी पाडून शेड वाढवली होती. ते मी भाऊला सांगितलं, तेव्हा त्याने फक्त मान हलवली. त्याचा जीव अडकला होता तो अमडापूरच्या भिंतीत.

अमडापूरची डाळमिल चिखलीहून सगळ्यांत जवळची, तरी ती आम्ही शेवटी ठेवली. भाऊनेच ठेवली. म्हणाला, "बाकीच्या पुसल्या जातीन, त्या पह्यले आण. अमडापूरची कोठी पळते? शेठनं शब्द देला आहे." ते खरं होतं. इतर मालक काय काढायचं ते सांगायचे. अमडापूरच्या शेठनी मात्र भाऊला सांगितलं होतं, तुला वाटेल ते काढ. भाऊने त्या भिंतीवर अमडापूरचा आठवडी बाजार काढला. मागे देवीची टेकडी आणि पुढे भिंतभर माणसं. बांगडीवाली, कुंभार, आमचे वडील एका बैलाचे दात पाहताना, चहावाल्याशी हुज्जत घालणारी मी. माझं तोंड उघडं काढलं होतं, म्हणून मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. आणि मधोमध मिरच्यांच्या ढिगाशी बसलेली आमची आई.

आई त्या बाजारात मिरच्या विकायची. तिचा घरात एकच फोटो आहे, मतदान ओळखपत्राचा. त्यात ती कोणी मारायला आल्यासारखी पाहते आहे. भिंतीवरची आई तशी नव्हती. ती काळीसावळी होती तशीच होती, हातात तराजू धरून मागे वळून हसत होती, आणि समोरचा पडलेला दात दिसत होता. भाऊ परांचीवर असला की त्याला भिंतीचा हातभर तुकडाच दिसायचा. म्हणून समोर रस्त्यावर कोणीतरी बसून सगळं चित्र कसं दिसतं ते सांगावं लागायचं. तेव्हा आई जिवंत होती आणि तीच समोर बसायची. तिने खालून ओरडून सांगितलं होतं, "पडका दात कायले दाखवतं रे मेल्या, लोक हासतीन!" भाऊने ऐकलं नाही, दाताची जागा मोकळीच ठेवली. ती भिंत पूर्ण झाल्यावर शेठ म्हणाले होते, या भिंतीला आमच्याकडून कधी चुना लागणार नाही. आणि इतक्या वर्षांत खरंच लागला नाही. एसटी अमडापुरात शिरताना मी खिडकीतून आईला पाहून घ्यायची. रंग उडाला होता, धुळीने सगळा बाजार मातकट झाला होता, पण ती हसत होती.

जायच्या आधी शेठना फोन करावा, असं मलाच वाटलं. इतर ठिकाणी मी न सांगता गेले होते, पण हे ओळखीचे, वयाने मोठे, भाऊचा मान राखणारे. न सांगता त्यांच्या दारात जाऊन उभं राहणं बरं दिसलं नसतं. मी त्यांना सांगितलं, भाऊच्या डोळ्यांचं असं असं झालं आहे, त्याला भिंत पाहायची आहे, मी फोटो काढायला येते. शेठनी आधी डोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "ताई, एवढ्यात नोका येऊ. पोळा होऊन जाऊ द्या. मी फोन करतो, मंग या." मला वाटलं, मिलमध्ये गर्दी असेल.

त्यांचा फोन आला आणि मी निघाले. भाऊने सकाळीच दाढी केली होती, जसं त्यालाच जायचं होतं. म्हणाला, "आईचा जवळून एक अलग काढजो. पण आंधी सगळी भिंत."

गाडी गावाजवळ आली तशी भिंत दिसली आणि मला आनंद झाला, कारण ती लांबूनच लखलखत होती. मला वाटलं ऊन पडलं आहे. आभाळ तर भरलेलं होतं. गाडी पुढे सरकली, तशी मी सीटवरून उठून उभी राहिले.

शेठ गेटवर वाट पाहत होते. पांढरं धोतर, हातात नारळ. "या ताई, या! पाहा भावाची भिंत!" असं म्हणत त्यांनी मला समोर नेलं. सगळा बाजार जागच्या जागी होता. टेकडी हिरवीगार, मिरच्या लालभडक, बैल दुधासारखा. एकूण एक माणूस जिथल्या तिथे. फक्त कोणाचाच चेहरा कोणाचा नव्हता. सगळे गोरे, गुलाबी गालांचे, मोठ्या डोळ्यांचे, आरशात पाहून बसल्यासारखे. वडिलांना काळ्याभोर मिशा आल्या होत्या. माझं तोंड बंद केलं होतं. आणि मिरच्यांच्या ढिगाशी कोणी एक तरणी बाई लाल ओठ करून बसली होती. तिचे सगळे दात जागेवर होते.

शेठ बोलत होते. "लय मळली होती हो भिंत. तुम्ही फोन केला तं मले लाज वाटली. पेंटरसायब आता इतक्या वर्सानं पाह्यतीन, अन् अशी दाखवू का त्यायले? चुना नाई लावू देला मी, शब्द आहे माहा. बाहेरून मानूस बोलावला. त्याले सांगतलं, एक चित्र जागचं हालवायचं नाई, फक्त ताजं करायचं. चांगलं केलं ना?"

माझ्या तोंडाला सगळी गल्ली भिते. ट्रकवाल्यांना हलवणारी मी. आणि तिथे मी नुसती मान हलवली. शिवी द्यावी असं त्या माणसाने काहीच केलं नव्हतं. पाहुणा येणार म्हणून घर सारवावं, तसं त्याने केलं होतं. मी फोन केला नसता तर ती भिंत मळकी, उडालेली, आमची अशी तिथेच असती. मी "चांगलं केलं" म्हणाले. त्यांनी मला आत नेऊन चहा पाजला, सुनेला बोलावून माझी ओटी भरली, ब्लाऊजपीस दिला. मग विचारलं, "मी बाजूले उभा राहू का, फोटोत?" मी राहा म्हटलं. ते भिंतीच्या कडेला हात जोडून उभे राहिले. मिल चालू होती, डाळीची धूळ पडत होती, आणि ओल्यासारख्या दिसणाऱ्या त्या रंगावर ती आत्ताच बसायला लागली होती.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, सांगायचं की मिल बंद होती. मग वाटलं, तो पुन्हा पाठवेल. मग वाटलं, मोबाईल पडला म्हणून सांगू. त्याच्या नळीएवढ्या नजरेत नुसता बाजार मावेल, रंग पाहून तो खूश होईल, चेहऱ्यांपर्यंत जाणारच नाही, अशीही मी स्वतःची समजूत घातली. मी घरात पाय ठेवला आणि त्याने हात पुढे केला. माझ्याच्याने मोबाईल लपवला गेला नाही.

भाऊने फोटो हातभर लांब धरला. "वा," म्हणाला. "सगळी आली. टेकडी बी आली." मग बोटांनी मोठा केला. वडिलांवर गेला. तिथे थांबला. माझ्यावर आला, पुन्हा वडिलांवर गेला. बांगडीवालीवर, कुंभारावर. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. मग मिरच्यांचा ढीग शोधला आणि तिथे त्याचं बोट थांबून राहिलं. वर्गातल्या मुली केव्हाच गेल्या होत्या. 

"बाई," तो म्हणाला, "मले आता चेहरे नाई दिसून राह्यले. सगळे एकसारखेच दिसतात."

मी पिशवीतून ओटीचा ब्लाऊजपीस काढून मशीनवर ठेवला.

"मधलं बी गेलं म्हंजे," तो म्हणाला. "संपलं." अगदी साध्या आवाजात, मीठ संपलं म्हणावं तसं. मग मोबाईल माझ्यापुढे धरला. "तुले दिसते ना आई?"

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो माझ्याकडे पाहत होता, म्हणजे माझ्या कुंकवाकडे पाहत होता, आणि मला त्याच्या हातून भिंत काढून घेता आली नाही. मी म्हटलं, "हाव. दिसते ना."

"कशी आहे?"

"हसून राह्यली," मी म्हटलं. "दात दिसून राह्यला तो. पडलेला."

"असू दे," तो म्हणाला. "तू पाह्यली ना, झालं मंग." आणि हात धुवायला उठला. बादलीला पाय लागू नये म्हणून मी ती आधीच उचलून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेंबांची बाटली घेऊन आले, तर त्याने मान खाली घातली. "राहू दे. आता कशाले?" मला वाटलं, मस्करी आहे. दुपारी नाही म्हणाला, रात्रीच्या वेळेलाही नाही म्हणाला. थेंब सोडले तर उरलेली नजरही जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. फक्त त्याला वाटत होतं, ती गेलीच आहे. तेव्हा मी त्याच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. फोन, शेठ, बाहेरून आणलेला पेंटर, लाल ओठ. "भाऊ, डोळे नाई गेले. भिंत गेली."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेला, तो अंदाज चुकून खांद्यावर पडला. "शेठ असा मानूस नाई," तो म्हणाला. मी म्हटलं, फोन लावते, त्यांच्याच तोंडून ऐक. तो म्हणाला, "माहे डोळे आहेत का नाई, हे लोकाले फोन लावून इचारू का?" मी मोबाईलवर मेहकरचा बैल काढून दाखवला, दिसतो की नाही सांग. म्हणाला, दिसते, बैल मोठा आहे. मी कपाटातून आईचं ओळखपत्र आणून त्याच्या हातात दिलं. ते तर त्याला पाठच होतं, त्याने पाहिलंही नाही. मी ओरडले, रडले, बाटली त्याच्या मुठीत कोंबली. मी कशाला खोटं बोलीन, असं विचारलं.

"तू मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यली," भाऊ म्हणाला आणि बाटली माझ्या हातात परत दिली. "कालच तं सांगतलं तू. आई हसून राह्यली, अन् दात दिसून राह्यला म्हणून."